दुखणें अंगावर काढूं नये

आसपासच्या जिल्ह्यांतील रोगी आजहि जेथें येतात, तें पुण्याचें ससून सरकारी रुग्णालय डेव्हिड ससून ह्या यहूदी व्यापाऱ्याच्या देणगीनें १८६७ सालीं उघडलें. तेथें १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं येरवड्याचे कैदी महात्मा गांधी ह्यांच्या आंत्रपुच्छावर सरकारी शल्यवैद्य कर्नल मॅडॉक ह्यांनीं शस्त्रक्रिया केली. मध्येंच वीज गेली, तेव्हां कंदिलाच्या उजेडांत काम पुरें झालें.

ह्यावरून आपण दोन गोष्टी शिकाव्या. वैद्यानें रोग्याचा पक्ष पाहिला नाहीं. आणि रोगी वेळेवर आला म्हणून उपाय चालला. आपल्या गांवीं अंगाऱ्याधुपाऱ्यांत दिवस जातात. बंधुभगिनींनो, आम्ही विनवितों : पोटदुखी बेंबीपासून उजवीकडे खालीं उतरली, ताप व ओकारी आली, तर जुलाब देऊं नये, त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. प्रार्थना वाटेंतहि करतां येते.