रात्रीचे कुलूप आणि मालकाची अमानत

मदिना शहरातील एक घर एका रात्री आतील माणसांसह जळाले. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी दिलेली शिकवण हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी कथन केली आहे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आढळते. आशय असा की, ही आग तुमची वैरीण आहे, झोपण्यापूर्वी ती विझवत जा. हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनात तर याचे कारणही आले आहे. उंदीर पेटत्या दिव्याची वात ओढून नेतो आणि घरच्यांना आगीच्या तोंडी देतो.

मदरशात ही हदीस आम्ही शिकलो ती झोपेच्या शिष्टाचारांच्या प्रकरणात. दार बंद करावे, भांडी झाकावीत, दिवा मालवावा. परीक्षेत उत्तर लिहिले आणि पुढे गेलो. तेव्हा जे ध्यानी आले नाही ते आता येते. घर जळाल्यावर प्रेषितांनी (स.) केवळ शोक व्यक्त करून विषय संपवला नाही. आग कशाने लागते, कोणत्या वेळी लागते आणि झोपलेल्या माणसाला ती कशी गाठते, हे त्यांनी उम्मतला समजावले. वात आणि उंदीर यांसारख्या क्षुल्लक गोष्टी त्यांनी धर्माच्या शिकवणीत आणल्या, कारण त्या क्षुल्लक गोष्टींवर माणसांचे प्राण अवलंबून होते.

आता आपल्या शहराकडे वळू. 30 डिसेंबर 2016 हा शुक्रवार होता. त्या पहाटे कोंढव्यातील एका बेकरीला आग लागली. पोट भरण्यासाठी उत्तर प्रदेशातून आलेले सहा कामगार आत झोपले होते. शटरला बाहेरून कुलूप होते. सहाही जण मरण पावले. अडीच वर्षांनी, 9 मे 2019 रोजी, रमजानचे पहिलेच दिवस असताना, उरुळी देवाची येथील एका साडीच्या दुकानाला पहाटे आग लागली. तेथेही कामगार दुकानातच झोपत होते आणि कुलूप बाहेरून होते. पाच जण गेले. दोन दुकाने, दोन धंदे. मात्र दोन्हीकडे दाराची स्थिती एकच.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात 25 मार्च 1911 रोजी ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्यात 146 जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. तेथेही एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. कामगार माल चोरून नेतील ही मालकांची धास्ती. शंभर वर्षे उलटली, तरी ती धास्ती तीच आहे.

हा विषय परक्यांचा नाही. पुण्यातील बेकऱ्या, भंगाराची दुकाने, फर्निचरचे कारखाने, शिवणकामाच्या खोल्या यांतील पुष्कळ आपल्या लोकांच्या आहेत. तेथे राबणारी मुलेही बहुधा आपलीच. एका जुम्याच्या खुतब्यात मी कोंढव्याचा उल्लेख केला, तेव्हा नमाजनंतर एक बेकरीमालक थांबून राहिले. सज्जन गृहस्थ, जकात काटेकोर देणारे. म्हणाले, “मौलाना, कुलूप न लावून कसे चालेल? गल्ल्यात पैसे असतात. पोरे रात्री बाहेर फिरतात, उद्या काही झाले तर त्यांच्या आईबापांना मी काय उत्तर देऊ? त्यांच्या भल्यासाठीच लावतो.” मी विचारले, “आणि किल्ली?” ते म्हणाले, “माझ्या घरी. उशाखाली.”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. चोरी होते, मुले भरकटतात. पण उशाखालची किल्ली आणि शटर यांच्यामध्ये दोन किलोमीटरचे अंतर होते. बेकरीत मैद्याची पोती, तुपाचे डबे, पुठ्ठ्याची खोकी आणि भट्टीचे लाकूड एकाच ठिकाणी असते. धूर आधी वर चढतो आणि कामगार पोटमाळ्यावर झोपलेले असतात. जाग येण्यापूर्वीच तो श्वासात भरतो. थंडीत कोणी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपला, तर ज्वाळेचीही गरज उरत नाही; तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग असतो ना वास. अशा वेळी दोन किलोमीटर म्हणजे फार लांबचा पल्ला.

सूरह अल-कससच्या सत्ताविसाव्या आयतीत मालक आणि कामगार यांच्यातील एक करार आला आहे. हजरत मूसा (अ.) मिसरमधून निघून मदयनला पोहोचले. तेथील वृद्ध गृहस्थांनी आठ वर्षांच्या चाकरीच्या अटीवर आपली मुलगी त्यांना देऊ केली; दहा वर्षे पूर्ण केलीस तर ती तुझी मर्जी, असेही सांगितले. आपल्याकडे ही आयत विवाहाच्या संदर्भात वारंवार सांगितली जाते, पण त्यापुढील वाक्याकडे दुर्लक्ष होते. मी तुला कष्टात टाकू इच्छित नाही, असे ते गृहस्थ स्वतः होऊन म्हणतात. वास्तविक समोरचा तरुण परमुलखातला, निराधार, जीव वाचवून आलेला. तो कोणतीही अट मान्य करता. तरीही काम देणाऱ्याने आपल्या वागणुकीची हमी आधी दिली. गावाकडून रेल्वेने येऊन पुणे स्टेशनावर उतरलेला अठरा वर्षांचा मुलगा याहून वेगळा नसतो. कुलूप कुठून लागते, हे तो विचारणार नाही. विचारण्याची त्याची ऐपत नसते.

मालकाच्या जबाबदारीविषयी फिक्हच्या ग्रंथांत बरीच चर्चा आहे. हनफी फकीहांनी मनुष्यवधाच्या प्रकारांत ‘कत्ल बिस्सबब’ हा स्वतंत्र प्रकार मानला आहे. परक्याच्या जागेत कोणी विहीर खणली अथवा दगड ठेवला आणि त्यामुळे माणूस दगावला, तर खणणाऱ्याने हात उचललेला नसतो, मनात वैर नसते. तरीही दियतची जबाबदारी येते. बंद दाराचा प्रश्नही त्यांना ठाऊक होता. एखाद्याला घरात घालून दार बंद केले आणि तो भुकेने मेला तर काय? इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते येथे भरपाई लागू होत नाही. त्यांचेच दोन महान शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) म्हणतात, लागू होते. मतभेद भरपाईचा आहे; असे वर्तन निष्पाप आहे असे कोणीही म्हटलेले नाही. कोंढव्याच्या घटनेवर फतवा देणे हे माझे काम नव्हे, तो न्यायालयाचा विषय आहे. परंतु ‘मी काय केले, आग तर आपोआप लागली’ एवढ्यावर आपले फकीह समाधान मानत नाहीत, हे ध्यानात घ्यावे.

देशाच्या कायद्याबद्दल दोन शब्द. 1948 च्या कारखाने अधिनियमाने वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची मर्यादा घातली होती. 2020 च्या संहितेने ती वीसवर नेली. सहा मुलांची बेकरी त्या व्याख्येत बसतच नाही. जिथे निरीक्षक येत नाही, तिथे तक्वा तरी यावा. बुखारीतील एका हदीसमध्ये हाताखालच्या माणसांना भाऊ म्हटले आहे. आपण खातो ते त्यांना खाऊ घालावे, आपण नेसतो ते नेसवावे, असा तिचा आशय आहे. आपण स्वतः बाहेरून कुलूप लावलेल्या खोलीत बायकामुलांना घेऊन झोपू का, हा प्रश्न त्याच मापात बसतो.

एक अडचण मात्र उघड मांडली पाहिजे, कारण ती आम्हा मौलवींनीच काही अंशी निर्माण केली आहे. अपघात झाला की आम्ही मय्यतीला जातो आणि सांगतो की, आगीत जळून मरणारा शहीद आहे. हदीस खरी आहे, इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तात आहे. पण ती मृताच्या आईसाठी आहे. मालकाने ती आपल्या बचावासाठी ऐकू नये आणि आम्ही ती त्याच्याकडे पाहून सांगू नये. तकदीरचेही तसेच. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता सर्ग येथे त्यांना तेथील प्लेगची वार्ता समजली. सल्लामसलत करून ते माघारी वळले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर (रजि.) यांचे उत्तर असे होते की, होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे. आतून उघडणारे दार हीसुद्धा तकदीरच आहे.

त्या बेकरीमालकांना मी विचारले, शटरला आतून उघडणारी व्यवस्था करता येईल का? गल्ल्यातील पैसे रात्री घरी नेता येतील का? मुले भट्टीपासून दूर, वेगळ्या खोलीत झोपली तर किती भाडे पडेल? मागच्या बाजूच्या खिडकीचे गज काढून तिथे दार होईल का? निघताना विजेचा मुख्य खटका बंद होतो का? ते हिशेब करू लागले. खोलीचे भाडे अधिक होते. दाराचा खर्च त्यांनी कबूल केला. माता-भगिनींनाही एक विनंती आहे. दुकानातून परतलेल्या नवऱ्याला किंवा मुलाला आपण जेवण वाढता, तेव्हा आज दुकानात कोण झोपले आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, एवढे जरूर विचारावे.

हे सर्व सांगून त्या रात्री मी मशिदीत परतलो. वरच्या मजल्यावर मुअज्जिन साहेब आणि मकतबची चार मुले झोपतात. जिन्याला लोखंडी जाळीचे दार आहे. इशानंतर त्याला खालून कुलूप लागते, हे मी तीन वर्षे पाहत होतो. किल्ली एका विश्वस्तांच्या घरी. कारण काय, तर चंद्याची पेटी. दुसऱ्या दिवशी मी विषय काढला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो हाच, “पेटी गेली तर जबाबदार कोण?” आठवडाभर बोलणी चालली. अखेर पेटी कचेरीतील कपाटात हलवली गेली आणि लोहाराने जाळीच्या दाराला आतून कडी बसवली. मुअज्जिन साहेबांनी त्या रात्री ती अंधारात तीनदा उघडून पाहिली, मुलांकडूनही एकेकदा उघडवून घेतली आणि मग झोपले.