प्रोबायोटिक म्हणजे काय?

गेल्या महिन्यात विहारातल्या महिलांच्या बैठकीत एका ताईंनी पिशवीतून औषधाच्या पुड्या काढून दाखवल्या. नातवाला जुलाब होत होते म्हणून मेडिकलवाल्याने दिलेल्या. "यावर प्रोबायोटिक लिहिलंय. म्हणजे अँटिबायोटिकच ना?"

नाही. अर्थ उलटा आहे, आणि तो शब्दातच आहे. ग्रीक भाषेत 'बायोस' म्हणजे जीवन. 'अँटि' म्हणजे विरुद्ध, 'प्रो' म्हणजे बाजूने. अँटिबायोटिक जिवाणूंना मारते किंवा त्यांची वाढ थांबवते. प्रोबायोटिकमधून उपयोगी जंतू जिवंतच पोटात जातात.

जंतू म्हटले की आपण दचकतो. पण आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू कायम राहतात. भाजीचा, कोंड्याचा जो चोथा आपल्याला पचत नाही त्यातला बराचसा ते आंबवतात, के जीवनसत्त्व तयार करतात, रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत. अँटिबायोटिक घेतल्यावर कधीकधी पोट बिघडते, कारण त्यात हेही मरतात.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले शास्त्रज्ञ मेचनिकोफ यांना वाटले होते की बल्गेरियातले शेतकरी आंबट दुधामुळे जास्त जगतात. तो अंदाज होता. आज नियम कडक आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ साली व्याख्या केली, ती अशी: पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव.

मग घरचे दही? त्यात जिवंत जंतू असतात, पण कोणते आणि किती ते कोणी मोजलेले नसते. म्हणून काटेकोर अर्थाने त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. दही-ताक जरूर खा, अन्न म्हणून चांगलेच आहे. (कढी उकळली की जंतू मरतात, चव तेवढी राहते.)

आता नातवाचे. लहान मुलांच्या जुलाबावर २०१८ साली अमेरिका आणि कॅनडात दोन मोठ्या चाचण्या झाल्या. प्रोबायोटिक दिलेली मुले न दिलेल्यांपेक्षा लवकर बरी झाली नाहीत. मी ताईंना विचारले, ओआरएस दिलं का? "ते कोणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. पुड्यांवर पैसे गेले, आणि खरे औषध राहूनच गेले.

जुलाबात मूल दगावते ते अंगातले पाणी आणि मीठ गेल्याने. ग्लुकोज बरोबर असले की आतडे मीठ आणि पाणी दोन्ही शोषून घेते, जुलाब चालू असतानासुद्धा. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजून असंख्य जीव वाचवले.

पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात, मोठी पुडी असेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, ओआरएस कालवा. घोट घोट पाजा, २४ तासांनी उरलेले फेका. खोक्यातले गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. सोबत झिंकची गोळी १४ दिवस: सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. दोन्ही आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात मागा. अंगावरचे दूध आणि जेवण थांबवू नका.

डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल सुस्त पडले, शौचातून रक्त आले किंवा पाजलेले सगळे उलटून पडू लागले, तर घरी थांबू नका. वाटेतही ओआरएस पाजत लगेच दवाखाना गाठा.