पोलीसपट्टी भरण्याआधी

घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर हे शब्द आपल्या अंगवळणी पडलेले आहेत. उद्या त्यांच्या रांगेत पोलिसांसाठीची वेगळी पट्टी येऊन बसली, तर बहुतेकांना ती खटकणारही नाही, आणि मला धास्ती आहे ती याचीच. छत्तीसगडमधल्या नवा रायपुरासारख्या अजून भरत चाललेल्या नगरात ही कल्पना तर लवकर गळी उतरते. रस्ते रुंद, सेक्टरांमधली अंतरं मोठी, बांधलेल्या घरांच्या शेजारी मोकळे भूखंड, आणि कचेऱ्या सुटल्या की ओस पडणारे परिसर. अशा ठिकाणी घरटी थोडे पैसे काढू, पण गस्त वाढू दे, हे म्हणणं व्यवहारी वाटतं. माझं मत उलट आहे. एखाद्या वस्तीकडून पोलिसांसाठी वेगळी रक्कम घेतली जात असेल, तर ती उतरवत नेऊन संपवणं हे रहिवाशांच्या हिताचं आहे, आणि त्यासाठी ‘पोलीस नकोत’ असं कुणालाही म्हणावं लागत नाही. पोलीस हवेत की नकोत हा एक प्रश्न, त्यांचा पगार कुणी द्यायचा हा दुसरा. या दोहोंची गल्लत केली की काय होतं, याचा अनुभव या देशाने शंभर वर्षांपूर्वी घेतला आहे.

१८६१च्या पोलीस कायद्याचं कलम १५ पाहा. एखादा भाग अशांत किंवा धोकादायक ठरवायचा, तिथे जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च तिथल्याच रहिवाशांवर टाकायचा, अशी ती तरतूद. मध्य प्रांतात, म्हणजे रायपुरातही, हाच कायदा होता. मुंबई इलाख्यात तशीच सोय वेगळ्या कायद्याने केलेली होती. १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर पुण्यावर असेच दंडात्मक पोलीस लादले गेले. पण हा सगळा व्यवहार आरपार दिसतो तो खेडा जिल्ह्यातल्या बोरसद तालुक्यात. तिथे बाबर देवासारख्या दरोडेखोरांनी धुमाकूळ घातला होता. सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने जादा पोलीस नेमले आणि त्यांच्या खर्चापोटी २,४०,०७४ रुपयांचा कर बसवला. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषामागे २ रुपये ७ आणे. लोक त्याला हैडिया वेरो म्हणत. गावकरी दरोडेखोरांना आसरा देतात, असं त्यामागचं समर्थन होतं. ज्यांची घरं लुटली गेली तेही या हिशेबाने देणेकरी ठरले.

वल्लभभाई पटेलांनी लगेच ‘कर भरू नका’ म्हटलं नाही, याला मी फार महत्त्व देतो. आधी मोहनलाल पंड्या आणि रविशंकर महाराज गावोगाव फिरून माहिती घेऊन आले. त्या चौकशीत पुढे आलं ते असं की, एका दरोडेखोराला पकडण्यासाठी पोलिसांनी दुसऱ्याला हाताशी धरलं होतं, त्याला शस्त्रंही पुरवली होती. म्हणजे दोष यंत्रणेचा आणि भुर्दंड प्रजेला. मग डिसेंबरात सत्याग्रह सुरू झाला. जप्तीची माणसं दिसली की इशारा व्हायचा, दिवसा घरांना कुलपं लागायची, व्यवहार रात्री चालायचे. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी आपले गृहसदस्य सर मॉरिस हेवर्ड यांना बोरसदला पाठवलं आणि जानेवारी १९२४ मध्ये कर मागे घेतला गेला. जादा पोलिसांची गरज सरकारने तेव्हाही नाकारली नाही. खर्च मात्र सर्वसाधारण महसुलातून करायचं ठरवलं. पोलीस राहिले, पट्टी गेली.

आजच्या राज्यघटनेत पोलीस हा विषय राज्यसूचीत आहे. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरांकडे सोपवता येतील अशी अठरा कामं बाराव्या अनुसूचीत दिली. त्यांत अग्निशमन आहे, रस्त्यावरचे दिवे आहेत, पोलीस नाहीत. कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावताही येत नाही आणि वसूलही करता येत नाही. म्हणून कोणत्याही बिलात ‘सुरक्षा’ या नावाखाली रक्कम दिसली की पहिली विचारणा व्हायला हवी ती कायद्याची: हा कर आहे, शुल्क आहे, की सोसायटीची वर्गणी? शुल्क असेल तर त्याच्या बदल्यात नेमकी कोणती सेवा मिळते, हे दाखवावं लागतं. फाटकावरचा रखवालदार आणि ठाण्याचा शिपाई यांचा खर्च एका ओळीत कोंबलेला असेल, तर तो आधी वेगळा करून मागावा.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. घरफोड्या आज होत आहेत. राज्याच्या तिजोरीतून पदं मंजूर होईपर्यंत लोकांनी दारं लावून बसायचं का? मुळीच नाही. दिवे, कुंपण, कॅमेरे, रखवालदार यांवर वस्तीने आपखुशीने खर्च करावा. तो ठेका वस्तीला उद्या मोडता येतो. पोलिसांचं तसं नाही. त्यांची बदली, नेमणूक, कामाचे तास यांतलं काहीही पैसे देणाऱ्याच्या हातात नसतं, आणि नसावंही. नाहीतर कायदा विकत मिळू लागेल. शिवाय वस्तीने चार शिपायांचे पैसे दिले आणि ठाण्याने आधीचे चार दुसरीकडे हलवले, तर पदरात काय पडलं? पट्टी लागण्याआधी त्या भागात किती मनुष्यबळ होतं हा आकडा लेखी नसेल, तर ही अदलाबदल कधीच पकडता येत नाही. ‘ज्यांना जास्त बंदोबस्त हवा त्यांनी जास्त द्यावं’ हा दुसरा युक्तिवाद. करमणुकीच्या मोठ्या कार्यक्रमाला, क्रिकेटच्या सामन्याला तो लागू आहे, कारण तिथे आयोजक कमावतो. पण महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सामन्यांच्या बंदोबस्ताचं शुल्क घटवलं, तेही मागल्या तारखेपासून, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जे खरोखर देऊ शकतात त्यांना सूट, आणि साध्या वस्तीला नवी पट्टी, हा क्रम मला कोणत्याही अंगाने समर्थनीय वाटत नाही.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या फ्रेंच क्वार्टर भागातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे २०१५ मध्ये मतदान घेऊन जादा गस्तीसाठी छोटासा विक्रीकर लावला गेला, पाच वर्षांच्या मुदतीने. मुदत संपताना पैसा कुणाच्या ताब्यात असावा यावर वाद पेटला आणि डिसेंबर २०२० मध्ये मतदारांनी कर नाकारला. एप्रिल २०२१ मध्ये तो पुन्हा मंजूर झाला. निकाल काहीही असो, मुदत होती म्हणून हिशेब मागता आला. आपल्याकडे एकदा लागलेली पट्टी सहसा उतरत नाही, कारण उतरण्याचा दिवसच ठरलेला नसतो.

नवा रायपुराचा कारभार विकास प्राधिकरणाकडे आहे, त्यामुळे इथे तोंडी तक्रारीपेक्षा कागद महत्त्वाचा. २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून चार गोष्टी मागाव्यात: वसुलीचा कायदेशीर आधार, पट्टीआधीचं आणि नंतरचं मनुष्यबळ, महिन्यावार खर्च, आणि वसुलीची शेवटची तारीख. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर हाती आल्यावरच कपातीची मागणी करावी, आणि ती आकड्यात करावी: एवढा खर्च दाखवता आला नाही, एवढी रक्कम कमी करा, उरलेली अमुक वर्षाच्या अर्थसंकल्पापासून राज्याने उचलावी. तोवर हप्ता थकवून बसू नये; दंड आणि व्याज चढलं की मूळ मुद्दा बाजूला पडतो. लेखी हरकत नोंदवून भरावं. आणि अर्जावर फक्त सेक्टरवाल्यांच्या सह्या पुरणार नाहीत. ज्यांच्या जमिनीवर हे नगर उभं राहिलं आणि ज्यांना २०२२ मध्ये आपल्या मागण्यांसाठी धरणं धरून बसावं लागलं, त्या राखीसारख्या गावांतल्या लोकांनाही तोच शिपाई आणि तीच गस्तीची गाडी लागते. पैसे देणाऱ्या सेक्टरांभोवती गाडी फिरू लागली की ती या गावांच्या वाट्याची कमी होते. पहिली सही त्यांची घ्यावी.