श्रेय कुणाच्या खात्यावर?

चि. बाळ यास,


मुलांना मुद्दाम थोडं ओढाताणीत वाढवावं का, असं तू विचारलंस. कारणही दिलंस: घरात पैसा नव्हता म्हणून आपण घडलो, यांना सगळं आयतं मिळतंय, ही कशी घडणार? असं बोलणं सत्कारसमारंभात, निवृत्तीच्या भाषणात नेहमी कानावर पडतं आणि बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरी मला ते पटत नाही. गरिबीनं माणसं घडत नाहीत. गरिबीचा फास कुणीतरी वेळेवर थोडा सैल केला, म्हणून काही जण वर आले. श्रेय गरिबीच्या नावावर मांडलं की फास सैल करणारा हात विसरला जातो.

मुळात असं बोलतं कोण, ते बघ. जो शिकला, नोकरीला लागला, ज्याच्या हाती माइक आला, तो. सातवीत शाळा सोडून आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलीनं गरिबी काही कमी पाहिलेली नसते, पण तिला भाषणाला कुणी बोलावत नाही. गरिबीत घडवण्याची ताकद असती, तर ती तिच्याही वाट्याला आली असती. दोघांमधला फरक शोधत गेलं की बहुतेक वेळा एखादं वसतिगृह सापडतं, फीमाफी सापडते, नाहीतर अंगावरचं सोनं मोडणारी एखादी बाई. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं आणि तिथली चूल पेटती ठेवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, दिलं. ती मुलं बोर्डिंगात येण्याआधीही तेवढीच हुशार होती आणि तेवढीच गरीब. बदललं ते इतकंच की रात्रीच्या भाकरीची भ्रांत मिटली. बाबासाहेबांचं उदाहरण तर प्रत्येकाच्या तोंडी असतं. बुद्धी त्यांची, कष्ट त्यांचे, यात शंका नाही. पण १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांना जाता आलं, ते सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे त्यांनी काय केलं, तेही ध्यानात घे. माझ्यासारखे हाल सोसा म्हणजे मोठे व्हाल, असं त्यांनी पोरांना सांगितलं नाही. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं.

दुरून गरिबी जरा उजळ दिसते, म्हणून ती एकदा जवळून पाहावी. किराणा दुकानातली उधारीची वही घे. डबाभर तेल एकदम घेणाऱ्याला ते स्वस्त पडतं. रोज बाटली घेऊन पावशेर तेल आणणाऱ्याला तेच महाग पडतं. वहीवर बाकी असली की दुसऱ्या दुकानात जायची सोय नाही, आणि तांदळात खडे निघाले तरी तोंड उघडायची चोरी. म्हणजे ज्याच्याकडे कमी, त्यालाच जास्त मोजावं लागतं. घरातल्या बाईचं डोकं दिवसभर याच हिशेबात अडकलेलं: पगारापर्यंत पीठ पुरेल का, आधी फी भरायची की दूधवाल्याचं द्यायचं. काही संशोधकांनी तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या दोनदा चाचण्या घेतल्या, एकदा तोडणीआधी हात तंग असताना आणि एकदा पैसे हातात पडल्यावर. हा अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. माणूस तोच, पण तंगीच्या दिवसांत त्याची आकलनाची कामगिरी खालावलेली. एका अभ्यासावर सगळा भार टाकू नये, हे मान्य. पण उधारीच्या वहीवर ज्या घराचा महिना चालला, त्या घराला हे नवीन वाटणार नाही.

तू म्हणशील, मग काटकसर, वाटून खाणं, शेजारधर्म हे सगळं खोटं का? मुळीच नाही. ते खरं होतं, पण ते माणसांचं होतं, गरिबीचं नव्हे. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका बघ. गावाकडून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना त्यांनी वर्षानुवर्षं रांधून घातलं. कष्टाळूपणा, काटकसर, माया, काय नव्हतं त्यांच्यापाशी? तरी वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यातून मान सुटत नव्हती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली, तेव्हा कुठे त्यांना श्वास घेता आला. गुण होतेच. कमी होतं ते रास्त व्याजाचं कर्ज.

दुसरी तुझी भीती, सगळं हाताशी असलं की मुलं आळशी होतात. ती भीती रास्त आहे. पण त्यावर खोटी टंचाई हा उपाय नव्हे. बापाचा पगार मुलांना कळतो. पैसे असून नाही म्हणणाऱ्या बापाकडून ती काटकसर शिकणार नाहीत, फक्त बापाचं बोलणं खरं धरायचं सोडतील. त्यापेक्षा त्यांना काम दे. स्वतःचं ताट घासणं, आठवड्याची भाजी ठरलेल्या पैशांत आणणं, घरखर्चाची वही महिनाभर लिहिणं. आणि तुझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलांची फी, पुस्तकं, क्लास कसे भागतात, याची चौकशी कर. ते तुझ्या ऐपतीत आहे.

अजून एक कर. आपल्या घरच्या त्या दिवसांची गोष्ट मुलांना सांगताना हालांची यादी वाचू नकोस. फी कुणी भरली, जुनी पुस्तकं कुणाच्या घरून आली, कुठल्या दुकानदारानं बाकी थकली तरी धान्य थांबवलं नाही, ते सांग. ही नावं तुला पाठ नसणार, कारण त्या वयात कुणी ती मुलांच्या कानावर घालत नाही. तुझ्या आईला ती ठाऊक आहेत. वही-पेन घेऊन तिच्यापाशी बस, मुलांनाही शेजारी बसव आणि तिच्या तोंडून एकेक नाव लिहून घे. तिचं वय झालंय, बाळ. दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नकोस, याच महिन्यात जा.

तुझा
मामा