उघड्या वाळूवरील पाळणे

घरटें म्हटलें म्हणजे सुगरणीचा लोंबता खोपा किंवा कावळ्याचें काटक्यांचें कोटें आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु असलें घर कधींच न बांधणारे पक्षीही पुष्कळ आहेत. नदीच्या वाळवंटांत, समुद्राच्या पुळणीवर अथवा ओसाड बेटावर ते उघड्या भूमीवरच अंडीं घालतात. त्यांचा संसार कसा चालतो व त्याची राखण कशी करावी, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

याचें उत्तम उदाहरण आपल्या पुणें जिल्ह्यांतच आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झालें. त्याच्या पाण्याचा फुगवटा इंदापूर तालुक्यांतील भिगवणच्या परिसरांत पसरलेला आहे. हें ठिकाण पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें सुमारें १०० किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरूं लागलें म्हणजे तेथें लहान लहान बेटें उघडीं पडतात आणि त्यांवर नदी सुरय या पक्ष्यांची वसाहत होते. करडी पाठ, काळें मस्तक, पिवळी चोंच, तांबडे पाय आणि दुभंगलेली लांब शेपटी, ही त्यांची खूण होय. जगांत या जातीची संख्या घटत आहे.

सुरयाचें घरटें म्हणजे वाळूंत केलेली एक उथळ खळगी. तींत बहुधा दोन किंवा तीन अंडीं असतात. नदीकाठचा कंठेरी चिखल्या आणि आपल्या ओळखीची टिटवी यांचीही रीत अशीच. त्यांचीं अंडीं मात्र बहुधा चार असतात. अंड्यांचा रंग मातकट व त्यांवर गडद ठिपके, म्हणून दोन पावलांवरून पाहिलें तरी तीं खड्यांसारखींच भासतात. घार व कावळा यांच्या दृष्टीपासून वांचण्यास हें चिलखत उपयोगी पडतें. परंतु माणसाच्या पायापुढें तें निरुपयोगी आहे.

अंडीं उबविणें म्हणजे त्यांना ऊब देणें, असें आपण समजतों. पण वैशाखांतील दुपारीं वाळू इतकी तापते कीं, तिच्यावर हात ठेववत नाहीं. अशा वेळीं आईबापांचें खरें काम अंडीं थंड राखणें हें असतें. तीं दोघें आळीपाळीनें अंड्यांवर उभीं राहून सावली धरतात. पाण्यावर जाऊन पोटाचीं पिसें भिजवितात आणि त्या ओलाव्यानें अंड्यांना गारवा देतात. आतां, कोणी कुतूहलानें जवळ गेला, तर सारी वसाहत कलकलाट करीत आकाशांत उडते. कंठेरी चिखल्या तर पंख मोडल्याचें सोंग करून फरफटत चालतो व आपणांस दूर नेऊं पाहतो. आपणांस मौज वाटते. पण तितका वेळ अंडीं उन्हांत भाजत असतात. पाहणाऱ्यानें अंड्यास बोटही लावलेलें नसतें, तरी त्यांतील जीव दगावूं शकतो. चोरापेक्षां हौशी पाहुण्याचें भय कमी नाहीं, तें यामुळेंच.

इतर संकटेंही आहेत. पाणी फार ओसरल्यास बेट काठाला जोडलें जातें व कुत्रीं तेथें पोंचतात; पाणी एकाएकीं चढल्यास अंडीं बुडतात. शिवाय पिलें व छायाचित्रें यांच्या ओढीनें नावा बेटाला अगदीं भिडविणारेही असतातच. वेंगुर्ल्यासमोरील समुद्रांतल्या खडकांवर समुद्री सुरयांची वीण होते. तेथें खवळलेला समुद्र हेंच कुंपण. भिगवणच्या शांत पाण्यावर तें कुंपण माणसाच्या विवेकानेंच घालावयास हवें.

रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं २००२ सालापासून सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें ग्रामस्थांच्या साह्यानें समुद्री कासवांचें रक्षण चालविलें. कासवीण अंडीं पुरून निघून जाते, म्हणून तीं उचलून कुंपणांत सुरक्षित पुरतां येतात. पक्ष्यांच्या बाबतींत हा उपाय चालत नाहीं. आईबापांवांचून त्यांचें अंडें जगत नाहीं. तेव्हां अंडें न हलवितां माणसासच दूर ठेवणें, हाच मार्ग उरतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पायपिंग प्लोव्हर नांवाच्या लहानग्या चिखल्याच्या १९८६ सालीं सुमारें ८०० जोड्या उरल्या होत्या. तेथें काठ्या व दोरी यांचें साधें कुंपण, सूचनेच्या पाट्या, राखणदार आणि दरवर्षींची मोजणी हे उपाय योजिले. पुढें त्या जोड्या दुपटीहून अधिक झाल्या.

आपला कायदाही याच मताचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत शिकारीच्या व्याख्येंतच वन्य पक्ष्यांचीं अंडीं फोडणें व घरटीं विसकटणें यांचा समावेश केलेला आहे. त्याहून कितीतरी प्राचीन असा निर्बंध पवित्र शास्त्रांतील अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायांत आहे. कोटें आढळल्यास पिलांसह आईस धरूं नये, असें तेथें सांगितलें आहे. आणि त्यांत झाडावरील कोट्याबरोबर जमिनीवरील कोट्याचाही उल्लेख आहे, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

विद्यार्थिमित्रहो, या विद्येचा आरंभ टिटवीपासून करावा. नदीकाठीं किंवा मोकळ्या मैदानांत ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालूं लागली, तर अंडीं शोधीत न बसतां आल्या वाटेनें मागें फिरावें. नंतर दुरून, ती निर्धास्त बसेल इतक्या अंतरावरून, पुढील टिपण ठेवावें:

१. तारीख, वेळ व ऊन-पाऊस.
२. घरट्यावर पक्षी बसला आहे कीं नाहीं.
३. कुत्रीं, गुरें, माणसें अथवा वाहनें किती जवळ आलीं.
४. पिलें प्रथम कोणत्या दिवशीं दिसलीं.

निरीक्षण सकाळीं करावें, भर दुपारीं नव्हे. आणि घरट्याची जागा चारचौघांत सांगत सुटूं नये. महिनाभर असें टिपण ठेवणारास पक्षी काय करतो हें तर कळेलच, पण आपल्या येण्याजाण्याचा त्यावर काय परिणाम होतो, हेंही कळेल.

पालकांसही एक विनंती आहे. सुटींत मुलांस भिगवण दाखविण्यास अवश्य न्यावें. मात्र नाव बेटापासून दूर ठेवण्यास नावाड्यास स्वतः सांगावें. तुम्ही जवळ जाण्याचा आग्रह सोडलात, तर तोही आनंदानें सोडील. दुर्बिणींतून पाहिलेलें पिलूं लहान दिसतें खरें. पण पुढल्या उन्हाळ्यांत त्याच बेटावर तें पुन्हा येण्याची आशा त्यामुळेंच राहते.