ग्रिलचा रंग आणि मुलांचं हृदय

दिवाळीआधी बाबा गॅलरीचं ग्रिल पॉलिश पेपरने घासत होते आणि माझा दोन वर्षांचा भाचा खाली पडलेले रंगाचे पापुद्रे तोंडात घालत होता! मी धावत जाऊन त्याला उचललं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, पण त्याआधीचे रंग घराघरांत आहेतच. पोटात गेलेलं शिसं मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतं. कॅल्शियमसारखं ते हाडांत साठतं, वर्षानुवर्षं रक्तात उतरत राहतं आणि पुढे रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढवतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, पाणी मारून काढा, नंतर ओल्या फडक्याने पुसा. आणि तोवर छोट्यांना आत ठेवा!