झुरळे औषधाला दाद का देत नाहीत?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने झुरळांवर लेख लिहावा, याचे काहींना हसू येईल. पण वसतिगृहाच्या भटारखान्यात फवारणी करूनही झुरळे हटत नाहीत, म्हणून दर खेपेस मात्रा वाढते, आणि ते औषध अखेर आपल्याच ताटांच्या आसपास राहते. तेव्हा दोष फवारणीचा की झुरळांच्या प्रतिकारशक्तीचा, हे ओळखता येते काय, याचा मी शोध घेतला.

‘झुरळांना औषधाची सवय होते’ असे आपण म्हणतो. ते खरे नव्हे. ज्यांच्यात उपजतच विष पचवण्याची शक्ती असते ती वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. स्वयंपाकघरातील लहान, फिकट तपकिरी ‘जर्मन’ झुरळ यात अग्रेसर. (२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार त्याचे मूळ जर्मनीत नसून भारत-म्यानमारच्या बाजूस आहे!) अमेरिकेत टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी येथे १९५२ सालीच त्याने क्लोरडेनला दाद दिली नव्हती.

परीक्षेची रीत सोपी आहे. काचेच्या बरणीला आतून मोजके औषध अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून लावतात व सुकू देतात. मग घरातून धरून आणलेली झुरळे तीत सोडतात. शक्यतो नरच घेतात, कारण मादीचे वजन अंड्यांमुळे कमीजास्त होते. निम्मे नर उताणे पडायला किती वेळ लागला, ते घड्याळ लावून पाहतात. औषधाचा वाराही न लागलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या झुरळांवर हीच परीक्षा करतात. समजा, ती १० मिनिटांत पडली आणि घरची ६० मिनिटांत, तर प्रतिकार सहापट. मात्र पडलेले झुरळ मेलेच असे नव्हे! ते पुष्कळदा उठून चालू लागते. म्हणून स्वच्छ भांड्यात ठेवून २४ तासांनी पुन्हा मोजदाद करावी लागते.

परंतु बरणीलाही न सापडणारी एक युक्ती आहे, आणि मला तीच सर्वांत नवलाची वाटली. फ्लोरिडातील काही झुरळे विषारी आमिषाला तोंडच लावीनात. ज्यूल्स सिल्व्हरमन यांनी शोध घेतला, तेव्हा ती विषाला नव्हे, तर आमिषातील ग्लुकोजला टाळत होती! पुढे २०१३ साली दिसून आले की, अशा झुरळांना ग्लुकोज कडूही लागते. येथे औषध बदलून भागत नाही, साखर बदलावी लागते. ओळखण्याची रीत अशी, की एका थाळीत ग्लुकोज, दुसरीत फ्रुक्टोज ठेवायचे आणि भुकेली झुरळे कोणत्या थाळीकडे वळतात ते पाहायचे.